विलायतेतलं पुंजनं

मला इंग्रजी येते ही अफवा गावात मी पसरवली नव्हती. ती माझ्या मायनं पसरवली. मी फक्त ती खोडून काढली नाही, आणि अफवेला एकदा घरचा दूधभात मिळाला की ती कशी अंगानं भरते हे कोणाला सांगायला नको. गोंदियाच्या होस्टेलात राहून मी मॅट्रिकच्या इंग्रजीत दोनदा आपटले. गावात येऊन मी एवढंच म्हणाले की इंग्रजीची परीक्षा मी दोनदा दिली. लोकांनी त्याचा अर्थ डबल पास असा लावला. पुढच्या मंडईच्या जत्रेपर्यंत मी कलेक्टरशी इंग्रजीत भांडून आले होते, आणि त्याच्या पुढच्या मंडईपर्यंत कलेक्टर हरला होता.

थापा मारायला मला शिकवलं बुधरामदादानं. बुधराम आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. दरेकशाच्या डोंगरातला गोंड, बायको सुकवारा हिला घेऊन आमच्या गोठ्यामागच्या खोपटात राहायचा. औत त्याच्या हातात, बैल त्याच्या हातात, आणि संध्याकाळी आम्हा पोरींचे कान त्याच्या हातात. तो सांगायचा, चोरखमाऱ्याच्या तलावात एक मासोळी होती, इतकी मोठी की एका धिवर कोळ्यानं तिच्या पाठीवर वांगी लावली. मी म्हणायची, "दादा, पण ती वांगी बिनकाट्याची होती." तो जराही न अडखळता म्हणायचा, "असनच ना बाई. काटे सारे मासोळीले गेले." एकदा मी शेजारच्या पोरीनं आमची शेळी चोरली अशी झकास गोष्ट रचून सांगितली, तर तो पहिल्यांदा माझ्यावर रागावला. "गोष्टीत कितीबी वाढव. आभाळाले शिडी लाव. पर माणसानं न केलेलं पाप त्याच्या नावावर नोको घालू. ते गोष्ट नसते, ते चोरी असते." आज साठी ओलांडली, हजार थापा मारल्या, नवऱ्याला मारल्या, सुनेला मारल्या, डॉक्टरला तर रोज मारते. पण त्याचा तो एक नियम मोडला नाही. आणि ज्यांनी गीतेवर हात ठेवून तो नियम मोडला त्यांच्याबद्दल लिहायला बसले की अजून पेनानं कागद फाटतो. म्हातारपणानं फाटतो असं सून म्हणते. म्हणू दे.

आमचं घर मोठ्या बाबूजींचं. मोठे बाबूजी म्हणजे माझ्या बाबूजींचे थोरले भाऊ. माझे बाबूजी त्यांची सावली होते, तीसुद्धा भर दुपारची, पायाखाली मावणारी. आम्ही पोवार. पूर्वज माळव्यातून तलवारी घेऊन आले असं मोठे बाबूजी पाहुण्यांना सांगत. तलवारी कुठं गेल्या असं मी विचारलं की म्हणत, विळे केले. धान कापायचा काळ आला की घर पहाटेपासून वाजायचं. एकीकडे त्यांच्या छोट्या राईस मिलचा पट्टा फटफटायचा, दुसरीकडे माय लाखोरीची डाळ पाट्यावर अशी वाटायची की वाटावं डाळीनं तिचं काही बिघडवलंय. पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात उकडायच्या, भाताची पेज वेगळी निघायची, आणि त्या पेजेचा पहिला वाटा बुधरामला जायचा. जायचा म्हणजे कसा? गोठ्याच्या कोनाड्यात त्याचा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पेला पालथा ठेवलेला असे. तो स्वतः पेला धुऊन पुढे धरी आणि माय वरून ओती. वीतभर अंतर राखून. इतकं नेमकं अंतर की कधी थेंब सांडला नाही. मला लहानपणी वाटायचं, माझ्या मायच्या हाताला काय कसब आहे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि हलका, लवकर पिकणारा धान कापून झाला. धान कापला की पेंढ्या बांधायच्या, वाळल्या की शेतातच एकावर एक रचायच्या, घराएवढा ढीग करायचा. त्याला आमच्याकडे पुंजनं म्हणतात. पुंजनं म्हणजे आख्खं वर्ष एका जागी उभं असतं. एका संध्याकाळी आम्ही चुलीपाशी बसलो होतो आणि मला कुठून तरी मुर्रा, म्हणजे मुरमुरे भाजल्याचा वास आला. इतका छान, खमंग वास की तोंडाला पाणी सुटलं. मी मायला म्हटलं, कोण गं मुर्रा भाजून राहिलं? मग वाडीत ओरडा झाला. आमचं बांधाजवळचं पुंजनं पेटलं होतं. जळत्या धानाचा वास भुकेचा असतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि मुर्रा मी तेव्हापासून खात नाही.

आग विझवायला गाव धावलं, पण पुंजनं एकदा पेटलं की ते विझवत नाहीत, बघतात. त्या धावपळीत मोठ्या बाबूजींचा मुलगा खेमराज मागच्या दारानं घरात आला. त्याच्या दोन्ही भुवया गायब होत्या. कपाळ कसं नुसतं, सोललेल्या आलूसारखं. उजव्या हाताला फोड. तोंडाला मोहाच्या दारूचा वास. मायनं तुपात हळद कालवली आणि त्याच्या हाताला लावली. मोठे बाबूजी तेवढ्यात दारात आले. त्यांनी तो हात पाहिला. मग मायकडे पाहिलं. माय हळद कालवत राहिली. मग ते म्हणाले, "बुधराम कोठी आहे?"

खटला तिथंच संपला होता. पुढं जे झालं ते नुसतं सामान लावणं होतं.

बुधरामनं का जाळलं असावं हे गावानं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधून काढलं. तो उलटून बोलला होता. आदल्या हप्त्यात तो घरी दरेकशाला जाऊन येतो म्हणाला, मोठे बाबूजी नाही म्हणाले, आणि तो "जाऊन येतोच जी" असं म्हणाला. तेही खाटेच्या काठावर टेकून. खाटेवर बसलेला गोंड आणि जळलेलं पुंजनं यांच्यामध्ये आमच्या गावाला दुसरा काही पुरावा लागला नाही. तरी एक होताच. शेजारचा टेकचंद, खेमराजचा दोस्त, त्यानं पोलिसांना सांगितलं की मी माझ्या वावरातल्या राखणीच्या माचीवर बसलो होतो आणि बुधरामला काडीपेटी घेऊन पळताना पाहिलं. पंचनामा झाला. पंच कोण? मोठ्या बाबूजींचे साळे, त्यांचे व्याही, टेकचंदचा बाप, आणि दोघे आमच्याच कुळातले. सगळ्यांनी बांधावर उभं राहून राख पाहिली आणि घरी येऊन चहा घेतला. मी सांगू गेले की खेमराजच्या भुवया पाहा. माय म्हणाली, "चूप राय. दिवाळीच्या फटाक्यानं जळल्या." दिवाळी होऊन किती दिवस झाले हे कोणी मोजलं नाही.

बुधरामला घेऊन जाताना त्यानं एक गोष्ट केली. खोपटात गेला, आपला एकुलता एक पूर्ण बाह्यांचा शर्ट काढला, अंगात घातला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. लग्नाला निघाल्यासारखी. सुकवारा म्हणाली, "काऊन जी, एवढा उकाडा होऊन रायला." तो म्हणाला, "साहेबाच्या पुढं उभं राहायचं आहे." त्याला वाटलं, नीट कपडे घातले की नीट ऐकून घेतात.

मग मंडई आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, शिंगाडे, जिलेबी, पाळणे, आणि मांडवात दंडार. दंडार म्हणजे आमचं नाटक, पण त्यात बघणारा नुसता बघत नाही. सोंगाड्या मध्येच गप्प होतो, गर्दीकडे पाहतो, आणि गर्दीतून कोणी तरी उत्तर द्यायचं असतं. जो आधी बोलतो त्याची वाहवा. या कामात आमच्या अख्ख्या इलाख्यात टेकचंदचा हात धरणारा कोणी नव्हता. सोंगाड्यानं "माझी बायको कुठं गेली?" असं विचारून तोंड मिटायच्या आत टेकचंद मागून ओरडे, "माझ्याकडं." उत्तर आधी बाहेर पडे आणि मग ते त्याच्या डोक्याला कळे. बापानं मारलं, मास्तरनं मारलं, त्याची खोड गेली नाही.

त्या वर्षी मोठ्या बाबूजींच्या मनात आलं की नवीन काही करावं. जळल्या पुंजन्यामुळं घराला लागलेली नजर उतरल्यासारखं होईल. म्हणून गोंदियाहून व्हिडिओवाला आणला. टीव्ही, व्हीसीआर, जनरेटर असं सगळं बैलगाडीतून. मिलच्या गोदामात भर दुपारी खिडक्यांना बारदाना लावून अंधार केला. आमच्या लोकांना बसायला धानाची पोती. बाकीच्यांना जमीन. आणि अगदी दाराशी, जिथं बारदान्याच्या फटीतून ऊन डोळ्यात जाई, तिथं मिलचे हमाल, सालदार आणि त्यांच्या बायका. सुकवारा तिथंच बसली होती. कोणी बसवलं नव्हतं. तिला जागा माहीत होती.

व्हिडिओवाल्यानं देवादिकांचा पिक्चर कबूल केला होता. डब्बीवर देवाचंच चित्र होतं. कॅसेट लावली तर आतून निघाले गोरे लोक. कोट घातलेले, इंग्रजी बोलणारे, तेही काळ्यापांढऱ्या चित्रात. तीनशे माणसं दोन मिनिटं देव यायची वाट पाहत बसली. मग कोणी तरी म्हणालं, "याले कोंड्याच्या खड्ड्यात टाका." व्हिडिओवाला हात जोडून म्हणाला, "भैया, डब्बी बदल गई. दूसरी कॅसेट नहीं है, कसम से." मोठे बाबूजी उठले. त्यांची इज्जत त्या डब्बीत होती. त्यांनी गोदामावर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "फुलवंता आहे ना. इंग्रजी येते तिले. फुले, उभी राय टीव्हीजवळ अन् सांग काय बोलून रायले ते."

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला इंग्रजीतले जेवढे शब्द येत होते तेवढे एका शिंगाड्यात मावले असते. पण उभी राहिले. हातात भोंग्याचा माईक दिला. आणि बुधरामदादाची आठवण काढून मी सुरुवात केली.

सुरुवातीला मजा केली, खोटं कशाला बोलू. एक जाडी गोरी बाई दारात उभी राहून बोलत होती, तिला मी घरकामाला बाई मिळत नाही म्हणून रडवली. एका टक्कलवाल्याला सोयरीक जुळत नाही म्हणून गावभर फिरवला. गोदाम हसून फुटायला आलं. व्हिडिओवाला मला नमस्कार करत होता. मग पिक्चर कोर्टात शिरला. मोठी खोली, वर जज्ज, एका बाजूला दोन रांगांत बसलेली माणसं. आणि पिंजऱ्यात एक काळा माणूस उभा राहिला. काळा म्हणजे आपल्यासारखा काळा नाही, आपण ज्यांना काळे म्हणतो त्यांच्यासारखा. त्याच्या अंगात शर्ट होता. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली.

माझ्या हातातला माईक थंड पडला. हसू कुठं गेलं कळलं नाही. कोणी तरी विचारलं, "यानं काय केलं व?"

मी म्हटलं, "मालकाचं पुंजनं जाळलं असा आरोप आहे."

"विलायतेत पुंजनं असते?"

"असते. गव्हाचं असते. गोरे लोक पोळ्या खातात तर गहू काय आभाळातून पडते?"

हे सगळ्यांना पटलं. त्या पिक्चरमध्ये आगीचं नाव नव्हतं हे मला कित्येक वर्षांनी कळलं. खरं काय होतं ते सांगत बसत नाही. त्या दुपारी आमच्या गोदामात विलायतेतलं पुंजनं जळत होतं आणि तीनशे माणसांना त्याचा वास येत होता.

मी सांगत गेले. हा माणूस लहानपणापासून मालकाकडे राबला. मालकाच्या मुलीला गोष्टी सांगून मोठी केली. मालकिणीनं त्याला वीतभर अंतरावरून पाणी घातलं. एकदा खुर्चीच्या काठावर टेकून बोलला, तेवढा त्याचा गुन्हा. पुंजनं पेटलं मालकाच्या मुलाच्या बिडीनं. बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. माझ्या मायनंसुद्धा लावला. मी तिच्याकडे पाहत होते आणि मला वाटत होतं की तो पदर ओढून घ्यावा आणि विचारावं, हळद कोणाच्या हाताला लावलीस?

तेवढ्यात दाराशी बसलेली सुकवारा बोलली. अख्ख्या दुपारात पहिल्यांदा. "बाई, ते दोन रांगेत बसले ते कोन?"

"पंच. बारा पंच. तेच ठरवतात दोषी का नाही."

"बाराच्या बारा गोरे?"

"हो."

"त्याच्याकडचा एकबी नाई?"

मी उत्तर द्यायच्या आधी मोठे बाबूजी बोलले. पोत्यावरून पुढं वाकून. "मंग कसा न्याय भेटन त्याले? मालक बी त्याहीचा, पंच बी त्याहीचे. जुलमी लोकं गा हे गोरे." आणि ज्या पाच जणांनी आमच्या बांधावर उभं राहून राख पाहिली होती त्या पाचांच्या माना एकदम हलल्या. खरं आहे जी. जुलमी आहेत. आजही माझ्या कानात ते वाक्य आहे. मी खूप खोटं ऐकलंय, खूप रचलंय. इतकं मनापासून बोललेलं, इतकं आंधळं वाक्य मला रचता आलं नसतं.

आता पिक्चरमधला काळ्याच्या बाजूचा वकील उठला. साक्षीदाराच्या खुर्चीत एक तरुण गोरा होता, केस चापून बसवलेला. वकिलानं त्याच्याकडे बोट केलं आणि काही तरी गर्जला. मी माझा सगळा राग माईकमध्ये घातला. "सांग. पुंजनं पेटलं तेव्हा तू कोठी होतास? माचीवर होतास, का कोणाच्या बाजूले होतास?"

तो गोरा गप्प झाला. त्याचा चेहरा अख्ख्या टीव्हीभर मोठा झाला आणि तो नुसता पाहत राहिला. आमच्याकडे पाहत राहिला. दंडारीतला सोंगाड्या पाहतो तसा. गोदामात टाचणी पडली तर कानठळ्या बसल्या असत्या अशी शांतता. आणि आमच्या गावात एवढी शांतता झाली की ती कोण भरतं हे ठरलेलंच होतं.

"खेमराजच्या बाजूले होतो ना जी," टेकचंद मागून ओरडला. "बिडी त्यानंच फेकली. मी तं म्हनलं, विझव बे."

लोक हसले. आधी हसले, कारण टेकचंद बोलला की हसायचं ही सवय. मग हसू एका पोत्यावरून दुसऱ्या पोत्यावर जाताना मध्येच मरून गेलं. टेकचंदचं तोंड उघडंच राहिलं होतं, शब्द परत आत जातील म्हणून वाट पाहत असल्यासारखं. खेमराज उठला, पोरांच्या अंगावर पाय देत बाहेर गेला आणि त्यानं जनरेटरला लाथ घातली. टीव्ही पांढरा झाला, मग काळा. व्हीसीआरनं रीळ गिळलं आणि ते खरखर करत तुटलं.

अंधारात सुकवारा उभी राहिली होती. दाराच्या फटीतलं ऊन तिच्या पाठीमागं होतं. ती ओरडली नाही. हळू विचारलं, "आयकलं ना जी साऱ्याहीनं?"

तीनशे माणसं बंद पडलेल्या टीव्हीकडे पाहत बसली. मोठे बाबूजी उठून व्हिडिओवाल्याला म्हणाले, "कॅसेट जुनी आणली का रे?"

त्या दिवसापासून गावातल्या माणसांचे कान एकाएकी गेले. ज्यांना दोन कोसांवरून बैलाची घंटा ओळखू यायची त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. जनरेटरचा आवाज फार होता. पोरगं रडत होतं. मी तेव्हा शिंगाडे घ्यायला गेलो होतो. त्या क्षणी शिंगाडे घ्यायला इतके लोक गेले होते की तलावात शेवाळसुद्धा उरलं नसतं. टेकचंदच्या बापानं त्याला मामाकडे पाठवून दिलं आणि तो थेट कोर्टाच्या तारखेलाच परत आला, तोंड शिवल्यासारखा.

गोंदियाच्या कोर्टात बुधरामकडून साक्ष द्यायला दोघीच गेलो. मी आणि सुकवारा. घरात मोठा तमाशा झाला. बाबूजी म्हणाले, फुले, घराची अब्रू. मी म्हटलं, ती कोणत्या कोनाड्यात पालथी ठेवलीय तेवढं सांगा, धुऊन आणते. आयुष्यात त्यांनी मला एकदाच मारलं, ते त्या दिवशी. बसनं गेलो. कोर्टासमोरच्या टपरीवर आलूपोंडा, म्हणजे बटाटेवडा घेतला, तो सुकवारानं पदरात बांधून ठेवला, बुधरामला देईन म्हणाली. पोलिसांनी तिला देऊ दिला नाही. पिंजऱ्यात बुधराम उभा होता. तोच शर्ट, तीच बटणं, फक्त मान तुरुंगात बारीक झाल्यामुळं कॉलर सैल झाली होती.

टेकचंदनं गीतेवर हात ठेवला आणि माची, काडीपेटी, पळणारा बुधराम असं सगळं शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं. मग माझी पाळी आली. मी भुवया सांगितल्या, हळद सांगितली, गोदाम सांगितलं. आयुष्यात इतकं कोरडं, इतकं सरळ मी कधी बोलले नव्हते. एक दाणा वाढवला नाही. सरकारी वकील ऐकून हसत उठला.

"तुम्हाला इंग्रजी येते?"

"नाही."

"त्या दिवशी पिक्चरमध्ये काय बोलत होते ते तुम्हाला कळत होतं?"

"नाही."

"तरी तुम्ही तीनशे लोकांना सांगितलं की आरोपीनं पुंजनं जाळलं असा खटला चालू आहे. ते खरं होतं?"

"नाही."

"म्हणजे ते तुम्ही रचलं."

"हो. पण टेकचंद जे बोलला ते मी नाही रचलं."

"तुम्ही गावात कलेक्टरला इंग्रजीत हरवल्याचं सांगता म्हणे," तो म्हणाला, आणि कोर्टात हशा झाला. शिपाईसुद्धा हसला. मी बुधरामदादाकडे पाहिलं. तोही थोडा हसला. ते हसू वेगळं होतं. शिष्यानं गोष्ट फार लांबवली की तो तसा हसायचा. वकील म्हणाला, ही मुलगी थापाडी आहे हे गावाला माहीत आहे, तिच्या बोलण्यावर काय भरवसा? आणि खाली बसला. माझ्या थापांनी कोणाची सुई हरवली नव्हती. टेकचंदच्या एका खऱ्या-खऱ्या शपथेनं माणूस जात होता. पण थापाडी मी होते.

बुधरामला शिक्षा झाली. त्या दिवशी आमच्या घरी सुवारी, म्हणजे पुऱ्या तळल्या. माय तळत होती, कढईवर झारा आपटत होती, आणि मी परसात बसून तेलाचा तो वास नाकात जाऊ नये म्हणून लुगड्याचा बोळा तोंडावर धरला होता. त्या घरात त्यानंतर मी पाहुणी म्हणूनच राहिले, आणि लग्न झाल्यावर तीसुद्धा नाही.

बुधराम शिक्षा भोगून सुटला तो गावात आलाच नाही. दरेकशाला जंगलाच्या कामाला लागला. एकदा मी मुद्दाम गाडीनं तिथं गेले. एवढंसं स्टेशन, झाडं त्याच्याहून मोठी. सुकवारानं मला पितळेच्या लोट्यातून पाणी दिलं, हातात हात लागेल असं. तो खंगला होता, पण जीभ तशीच. म्हणाला, "बाई, विलायतेत पुंजनं लावलं म्हने तू." मी म्हटलं, "लावलं दादा." "गव्हाचं?" "गव्हाचं." तो बराच वेळ हसला. मग मी विचारलं, "शेवट काय झाला ते विचारत नाहीस? रीळ तुटलं होतं." त्यानं हात हलवला. "मले कायले विचारू लागते? मी तं आतच होतो."

पुढं तो पिक्चर मी पाहिला. नातवानं मोबाइलवर शोधून दिला, खाली मराठी अक्षरं येतात तसा. तो नातू फार शहाणा आहे. समुद्रापलीकडच्या काळ्या लोकांवरच्या जुलमाचे व्हिडिओ तो मित्रांना पाठवतो, डोळे लाल करतो, मला म्हणतो, आजी, कसे लोक असतात गं. त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या ओट्यावर भांडी घासणाऱ्या बाईचा कप वेगळा आहे. स्टीलचा आहे, जर्मनचा नाही. प्रगती आहे. मी त्याला तो कप दाखवला तर म्हणाला, आजी, ते हायजीनचं असतं.

तर पिक्चरचा शेवट मला माहीत आहे. आणि तो माहीत असलेली गावात मी एकटीच, हे मोठ्या बाबूजींना कळलं होतं. तोपर्यंत ते शंभरीला टेकले होते. खेमराज मिल विकून रायपूरला गेला होता. बाजेवर पडून राहायचे, नजर गेली होती, पण त्या दुपारचं गोदाम शाबूत होतं. मी माहेरी गेले की दर वेळी विचारायचे. "फुले, तो काळा सुटला का व? निर्दोष होता गा बिचारा. मले झोप नाही लागत कधी कधी." दर वेळी मी म्हणे, रीळ तुटलं होतं मोठे बाबूजी.

शेवटच्या वेळी गेले तेव्हा त्यांना पेज पाजायची होती. वाटी माझ्या हातात होती. चमचा त्यांच्या ओठाशी नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "आता तं सांग. मी जाऊन रायलो. सुटला का तो?"

मी वाटी खाली ठेवली. विचारलं, "कोण?"

त्यांचे ओठ हलले. पांढरे डोळे छताकडे लागले होते. मी थांबले. अंगणात कोंबडी खुरडत होती, ती जाऊन परत येईपर्यंत थांबले. एक नाव. नुसतं एक नाव त्यांनी घेतलं असतं, तर आयुष्यातली सगळ्यात सुंदर थाप मी त्या म्हाताऱ्याला मारली असती. काळ्याला सोडवला असता, त्याच्या बायकोच्या पदरातला आलूपोंडा त्याला खाऊ घातला असता, बारा पंचांना उभं करून माफी मागायला लावली असती. सगळं तयार होतं माझ्या तोंडात.

"तो," ते म्हणाले. "पिक्चरमधला."

मी मनगट सोडवून घेतलं, पेजेची वाटी रायपूरहून आलेल्या त्यांच्या सुनेच्या हातात दिली आणि बाहेर आले. तेराव्याला लोक म्हणत होते, फार हळव्या मनाचा माणूस होता.